द्राक्ष, वाईन, कलौंजी आणि काळीज : ‘हृदयासाठी उत्तम’ या दाव्याची पारख कशी करायची?

जानेवारी संपत आला की निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंतकडून द्राक्षं यायला लागतात आणि नाशिकच्या गल्लीगल्लीत हातगाड्या लागतात. रमजानही सध्या याच हंगामाच्या आसपास येतोय, त्यामुळे इफ्तारच्या दस्तरखानावर खजुराशेजारी द्राक्षांचा घड ठरलेला. नेमक्या याच दिवसांत फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतो. द्राक्षात हृदयाचं औषध आहे, गोरे लोक त्यासाठीच रेड वाईन पितात, आपल्याला ती हराम आहे म्हणून तेच औषध कॅप्सूलमध्ये घ्या. खाली लिंक आणि डिस्काऊंट.

आठवड्याभरात दुसरा मेसेज येतो : कलौंजीच्या तेलाने ब्लॉकेज विरघळतात, अजवा खजुराच्या बियांची पावडर घेतली तर बायपास टळते. आणि मग तिसरा : सगळं संशोधन विकलेलं आहे, काल अंडं वाईट होतं, आज चांगलं झालं, डॉक्टरांचं काही ऐकू नका, बीपीची गोळी बंद करा.

आमच्या मते या तिन्हींत तिसरा मेसेज सगळ्यात महागात पडणारा आहे. कारण त्यात अर्धं खरं आहे. आहाराच्या संशोधनात घोटाळे झाले, उलटसुलट निष्कर्ष आले, कंपन्यांचा पैसा आला, हे सगळं खरंच आहे. पण त्यावरून ‘म्हणून गोळी बंद’ ही उडी मारणं वेगळं. ही गोष्ट नीट समजायची तर नाशिककरांनी सुरुवात द्राक्षापासूनच केलेली बरी.

फ्रान्सचं कोडं

१९९१ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या टीव्ही कार्यक्रमात फ्रेंच संशोधक सर्ज रेनो यांनी सांगितलं की फ्रान्समधले लोक लोणी-चीज भरपूर खातात, तरी त्यांना हृदयविकार कमी होतो, आणि याचं कारण बहुधा वाईन असावं. पुढच्या वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा लेख आला. अमेरिकेत रेड वाईनची विक्री झपाट्याने वाढली आणि ‘रोज एक ग्लास हृदयासाठी चांगला’ हे वाक्य जगभर गेलं. आपल्याकडेही ते आलं. महाराष्ट्र सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं, म्हणजे मुख्यतः वाईनचं, धोरण आणलं. नाशिक ‘वाईन कॅपिटल’ झालं. २७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाईन ठेवायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा उठलेल्या वादातही ‘वाईन म्हणजे काही दारू नव्हे, ती तब्येतीला बरी’ असं म्हणणारे होतेच. शेतकऱ्याच्या उत्पन्नाचा प्रश्न खरा आहे. तो तब्येतीच्या दाव्याआड लपवायची गरज नव्हती.

कोड्याचं काय झालं? १९९९ मध्ये ब्रिटिश संशोधक लॉ आणि वॉल्ड यांनी दाखवलं की फ्रान्समध्ये हृदयविकाराने झालेले मृत्यू मुळातच कमी नोंदले जात होते, सुमारे वीस टक्क्यांनी. शिवाय फ्रेंचांच्या ताटातली चरबी अलीकडे वाढलेली होती. तिचा परिणाम दिसायला काही दशकं लागतात. म्हणजे कोड्याचा बराच भाग वाईनशिवायच सुटत होता.

दुसरी अडचण त्याहून सोपी आहे. थोडी पिणाऱ्यांची तुलना न पिणाऱ्यांशी केली तर थोडी पिणारे जास्त निरोगी दिसतात. पण न पिणाऱ्यांच्या रांगेत कोण उभं असतं? आजारपणामुळे पिणं सोडलेले लोकही असतात. १९८८ मध्येच ब्रिटिश डॉक्टर जेराल्ड शेपर यांनी हे लक्षात आणून दिलं होतं. आजारी माणूस पीत नाही म्हणून आजारी नसतो. आजारी आहे म्हणून पीत नाही. आहाराच्या अभ्यासांत हा घोळ वारंवार दिसतो. बदाम खाणारे निरोगी आहेत की निरोगी आणि खिशात पैसे असलेले लोक बदाम खातात? नुसतं विचारून आणि मोजून हे सांगता येत नाही.

द्राक्षाच्या सालीतलं द्रव्य

वाईनमधलं नेमकं काय काम करतं याचा शोध सुरू झाला आणि रेस्व्हेरॅट्रॉल हे नाव पुढे आलं. ते द्राक्षाच्या सालीत असतं. (बियांच्या अर्काच्या ज्या कॅप्सूल मिळतात त्यात मुख्यतः वेगळीच द्रव्यं असतात, पण विकणारा दोन्ही एकाच दमात सांगतो.) २००६ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या प्रयोगात जास्त चरबी खाणाऱ्या उंदरांना हे द्रव्य दिल्यावर ते जास्त जगले. बातमी मोठी झाली. मात्र उंदरांना दिलेली मात्रा दर किलो वजनामागे रोज बावीस मिलिग्रॅमच्या आसपास होती. एक लिटर रेड वाईनमध्ये हे द्रव्य जेमतेम काही मिलिग्रॅम असतं. साठ किलोच्या माणसाने उंदराइतकं घ्यायचं तर शेकडो लिटर वाईन रोज लागेल. बरं, तोंडाने घेतलेलं रेस्व्हेरॅट्रॉल शरीर इतक्या लवकर बदलून टाकतं की मूळ रूपात रक्तात फारच थोडं उरतं.

इथे इब्न सीना आठवतात. हजार वर्षांपूर्वी (त्यांचा काळ ९८० ते १०३७) त्यांनी ‘अल-कानून’मध्ये औषध पारखण्याचे जे नियम घातले, त्यात एक असा आहे की तपासणी माणसाच्या शरीरावर झाली पाहिजे, कारण सिंहावर किंवा घोड्यावर जे घडतं ते माणसावर घडेलच असं नाही. मालेगावच्या मन्सूरा भागात युनानी शिकवणारं तिब्बिया कॉलेज आहे. तिथल्या कोणत्याही विद्यार्थ्याला हे नाव नवं नाही. उंदराची बातमी वाचून कॅप्सूल मागवणाऱ्याने हा एक नियम जरी लक्षात ठेवला तरी पैसे वाचतील.

ग्लॅक्सो स्मिथक्लाईन या औषध कंपनीने २००८ मध्ये याच द्रव्यावर काम करणारी सर्ट्रिस ही कंपनी ७२ कोटी डॉलरला विकत घेतली. दोन वर्षांत, रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांवरच्या चाचणीत मूत्रपिंडाचा त्रास दिसल्यावर, त्यांनी रेस्व्हेरॅट्रॉलचं औषध बनवणं सोडून दिलं. इतका पैसा ओतलेली कंपनी जे द्रव्य सोडून देते, ते आपल्याकडे ऑनलाईन ‘हृदयरक्षक’ म्हणून आरामात विकलं जातं.

मग घोटाळा. अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठात दीपक दास हे मूळचे भारतीय संशोधक होते. रेस्व्हेरॅट्रॉल आणि हृदय या विषयावर त्यांचे ढीगभर लेख होते. जानेवारी २०१२ मध्ये विद्यापीठाने तीन वर्षांच्या चौकशीनंतर जाहीर केलं की त्यांच्या कामात माहिती बनवल्याचे किंवा तिच्यात फेरफार केल्याचे १४५ प्रकार सापडले आहेत. प्रथिनांच्या चाचण्यांची चित्रं कापून-जोडून हवा तो निकाल दाखवला होता. अकरा नियतकालिकांना तसं कळवण्यात आलं. दास यांनी आरोप नाकारले. २०१३ मध्ये त्यांचं निधन झालं.

या सगळ्यावर शांतपणे केलेलं एक काम मात्र फारसं कुणाच्या मोबाईलवर आलं नाही. इटलीत कियांती नावाचा द्राक्ष-वाईनचा भाग आहे, आपल्या दिंडोरी पट्ट्यासारखाच म्हणा. तिथल्या ६५ वर्षांवरच्या ७८३ माणसांच्या लघवीत या द्रव्याचे अंश मोजले आणि नऊ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ज्यांच्या शरीरात ते जास्त होतं ते ना जास्त जगले, ना त्यांना हृदयविकार कमी झाला. २०१४ मध्ये हा निकाल आला.

आपल्याला आवडलेला निकाल

वाईनचं पुढेही ऐका. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने ठरवलं की सुमारे ७,८०० लोकांवर चिठ्ठ्या टाकून, काहींना रोज एक पेग देऊन आणि काहींना न देऊन, एकदाचा सोक्षमोक्ष लावू. खर्च दहा कोटी डॉलरचा. त्यातला बराचसा दारूच्या कंपन्यांकडून येणार होता. संशोधक आणि अधिकारी त्या कंपन्यांकडे पैशासाठी गेल्याचं वर्तमानपत्राने उघड केलं आणि जून २०१८ मध्ये चाचणी बंद पडली. २०१९ मध्ये चीनमधल्या पाच लाखांवर लोकांच्या अभ्यासाचा निकाल आला. तिथे अनेकांमध्ये जन्मतःच असा जनुकीय फरक असतो की दारू सोसत नाही, म्हणून ते कमी पितात. आजारपणामुळे कमी पिणं आणि जन्मतःच कमी पिणं यांतला घोळ त्यामुळे टळला. थोड्या पिण्याने पक्षाघातापासून संरक्षण मिळतं ही समजूत त्यात टिकली नाही. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की दारूची कोणतीही मात्रा सुरक्षित मानता येत नाही.

हे निकाल आपल्या लोकांनी आनंदाने फॉरवर्ड केले. आम्हीही केले, कबूल करतो. पण इथे थोडं थांबून स्वतःकडे बघायला हवं. वाईन आपल्याला हराम आहे ती अभ्यासामुळे नाही. सूरह अल-बकरामध्ये जिथे दारू आणि जुगाराचा विषय येतो तिथे त्यात लोकांसाठी काही फायदे असल्याचाही उल्लेख आहे, आणि गुनाह त्याहून मोठा असल्याचं सांगितलेलं आहे. उद्या एखाद्या अभ्यासात वाईनचा फायदा निघाला तरी आपल्या दीनमध्ये फरक पडणार नाही. मग अभ्यास बारकाईने तपासायचा तो फक्त वाईनचा, आणि कलौंजीचा आला की डोळे मिटून मान हलवायची, असं का? एकच तराजू दोन्हींना लावायला हवा.

व्हिटॅमिनचं स्वप्न आणि केरळचा डॉक्टर

हा तराजू कसा असतो ते पाहायला एका माणसाचं काम उपयोगी आहे. डॉ. सलीम युसूफ मूळ केरळचे, बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमध्ये शिकलेले, पुढे ऑक्सफर्ड आणि नंतर कॅनडातलं मॅकमास्टर विद्यापीठ. हृदयविकाराच्या संशोधनात आज जगात ज्यांची नावं घेतली जातात त्यात ते वरचे.

१९९३ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे ८७ हजार परिचारिकांच्या अभ्यासातून असं दिसलं होतं की व्हिटॅमिन ई जास्त घेणाऱ्यांना हृदयविकार बराच कमी होतो. लोकांनी गोळ्या घ्यायला सुरुवात केली, डॉक्टरांनीही. युसूफ यांच्या गटाने ‘होप’ नावाच्या चाचणीत ते तपासलं. हृदयविकार किंवा मधुमेह असलेले, ५५ वर्षांवरचे ९,५४१ लोक घेतले. चिठ्ठी टाकून निम्म्यांना रोज व्हिटॅमिन ई, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. कुणाला कोणती ते ना रुग्णाला माहीत, ना डॉक्टरला. साडेचार वर्षांनी मोजलं : हार्ट अटॅक, पक्षाघात, मृत्यू, कशातच फरक नाही. २००० मध्ये निकाल छापला. त्यातल्याच रुग्णांवर आणखी काही वर्षं लक्ष ठेवल्यावर व्हिटॅमिन घेणाऱ्यांत हृदय कमजोर होण्याचं, ज्याला हार्ट फेल्युअर म्हणतात त्याचं, प्रमाण उलट थोडं जास्त निघालं.

पण त्याच चाचणीत, त्याच लोकांवर, त्याच पद्धतीने दुसरी एक गोळी तपासली होती : रामिप्रिल, बीपीच्या उपचारात नेहमी वापरली जाणारी. तिने हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून सुमारे बावीस टक्क्यांनी कमी झाले.

इंग्लंडमध्ये २००२ मध्ये हेच पुन्हा घडलं. २०,५३६ लोक. व्हिटॅमिन ई, सी आणि बीटा कॅरोटिन एकीकडे, कोलेस्टेरॉलची सिमव्हास्टॅटिन ही गोळी दुसरीकडे. पाच वर्षांत व्हिटॅमिनने काहीही साधलं नाही. सिमव्हास्टॅटिन मिळालेल्यांत १२.९ टक्के लोक दगावले, न मिळालेल्यांत १४.७ टक्के. शंभर माणसांमागे जवळजवळ दोन जीव. पैसा औषध कंपनीचाही होता आणि व्हिटॅमिन बनवणाऱ्या कंपनीचाही. तरी व्हिटॅमिनच्या विरोधातला निकाल जसाच्या तसा बाहेर आला.

‘सगळं संशोधन विकलेलं आहे’ म्हणणाऱ्याला आम्ही हेच दोन निकाल दाखवतो. व्हिटॅमिन ई निरुपयोगी आहे हे आपल्याला ज्या पद्धतीने कळलं, त्याच पद्धतीने बीपीची आणि कोलेस्टेरॉलची गोळी उपयोगी आहे हेही कळलं. पहिला अर्धा भाग घ्यायचा आणि दुसरा फेकायचा, हे चालणार नाही.

फिश ऑइलचं थोडक्यात. ब्रिटनमध्ये पंधरा हजारांवर मधुमेही लोकांना सात वर्षांहून जास्त काळ रोज एक ग्रॅम कॅप्सूल दिली. २०१८ च्या निकालात हार्ट अटॅक किंवा पक्षाघातात फरक नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या शुद्ध, मोठ्या मात्रेच्या एका प्रकाराने एका चाचणीत फायदा दाखवला, दुसऱ्या प्रकाराने दुसऱ्या चाचणीत नाही दाखवला. तो वाद डॉक्टरांत चालू आहे. मोठ्या मात्रेत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो हे मात्र एकाहून जास्त चाचण्यांत आलं. कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं असतं, ते हलाल का हा प्रश्न आमच्याकडे नेहमी येतो. योग्यच प्रश्न आहे, पण आमच्या मते तो दुसरा. पहिला प्रश्न : मुळात गरज आहे का? बांगडा-तारली मिळत असेल तर ती खा, दोन्ही प्रश्न मिटले.

आपल्या घरातलं : कलौंजी, अजवा, जैतून

आता तराजू आपल्याकडे वळवू. कलौंजीबद्दलची हदीस सगळ्यांना माहीत आहे आणि तिचा आदर आहेच. प्रश्न हदीसचा नाही, बाटलीवरच्या दाव्याचा आहे. कलौंजीवर माणसांमध्ये चाचण्या झाल्या आहेत. बहुतेक लहान, काही डझन ते शंभर-दोनशे लोकांच्या, काही आठवड्यांच्या. त्यातून बीपी, कोलेस्टेरॉल, उपाशीपोटीची शुगर थोडी उतरते असं दिसतं. पण कलौंजीने हार्ट अटॅक कमी होतात का, हे मोजणारी मोठी चाचणी झालेली नाही. ‘ब्लॉकेज विरघळतात’ याला काही आधार नाही. भाजीत, नानवर, मधासोबत थोडी कलौंजी खाणं वेगळं आणि रक्त पातळ करणाऱ्या किंवा शुगरच्या गोळ्या चालू असताना डॉक्टरला न सांगता तेलाचे चमचे घेणं वेगळं. शुगर उतरवणारी दोन औषधं एकत्र आली तर शुगर नको तितकी खाली जाऊ शकते.

अजवाच्या बियांच्या पावडरीसाठी हजरत सअद (रजि.) यांच्या छातीच्या दुखण्याची रिवायत सांगितली जाते. ती अबू दाऊदच्या संग्रहात आहे आणि तिच्या सनदीवर मुहद्दिसांमध्ये चर्चा आहे; तो विषय उलेमांचा. पण मेसेज लिहिणारा तिचा एक भाग नेहमी गाळतो. त्याच रिवायतीत प्रेषित मुहम्मद (स.) त्यांना हारिस बिन कलदा यांच्याकडे जायला सांगतात, कारण तो माणूस वैद्यकी जाणतो. खजुराची गोष्ट पुढे पाठवायची आणि तबीबाची गाळायची, हे आम्हाला तरी पटत नाही.

जैतूनची बाजू या तिघांत सगळ्यात भक्कम आहे, आणि तीही अगदी निर्मळ नाही. स्पेनमध्ये ७,४४७ लोकांवर चाचणी झाली. काहींना जैतूनचं तेल घरी फुकट पुरवलं, काहींना अक्रोड-बदाम, काहींना फक्त चरबी कमी खाण्याचा सल्ला. २०१३ च्या निकालात पहिल्या दोन गटांत हार्ट अटॅक, पक्षाघात वगैरे सुमारे तीस टक्क्यांनी कमी आले. नंतर एका बाहेरच्या डॉक्टरने आकडे तपासले तेव्हा कळलं की काही ठिकाणी चिठ्ठ्या नीट टाकल्याच नव्हत्या : एकाच घरातल्या माणसांना एकाच गटात घातलं होतं, एका केंद्रात तर अख्ख्या दवाखान्याला. २०१८ मध्ये लेखकांनी लेख मागे घेऊन दुरुस्त करून पुन्हा छापला. आकडा साधारण तोच राहिला, भाषा सौम्य झाली. चूक कबूल करून हिशेब पुन्हा मांडणं ही आम्हाला भरवशाची खूण वाटते. शिवाय ते स्पेनच्या जेवणासोबतचं तेल होतं. आपल्या बिर्याणीवर वरून दोन चमचे ओतून तो निकाल इथे लागू होत नाही.

भारतातलं उदाहरण याच्या अगदी उलट आहे. उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादचे डॉ. आर. बी. सिंह यांनी १९९२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिलं की हार्ट अटॅक आलेल्यांना फळं, भाज्या, डाळी, सुकामेवा दिल्याने वर्षभरात मृत्यू बरेच कमी झाले. २००२ मध्ये हजार रुग्णांचा असाच निकाल ‘लॅन्सेट’मध्ये आला. शंका आल्यावर मूळ कागद मागितले गेले, तेव्हा काही कागद वाळवीने खाल्ल्याचं उत्तर मिळालं. जे आकडे हाती आले त्यावरून संख्याशास्त्रज्ञांनी निष्कर्ष काढला की ते बनावट तरी असावेत किंवा फेरफार केलेले तरी. डॉ. सिंह यांनी आरोप मान्य केले नाहीत. २००५ मध्ये दोन्ही नियतकालिकांनी या कामाबद्दल जाहीर शंका नोंदवली. फळं-भाज्या वाईट ठरल्या असा याचा अर्थ नाही. इतकाच की भारतीय जेवणाने हृदय किती वाचतं याचा हा आकडा यापुढे कुणी तोंडावर फेकला तर तो स्वीकारू नका.

डब्यावर काय लिहिलंय?

आपल्या देशात सप्लिमेंट हे कायद्याने अन्न आहे, औषध नाही. त्यावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक असतो. तो क्रमांक म्हणजे ‘गुण तपासलेत’ असा दाखला नव्हे. चिवड्याच्या पाकिटावरही तो असतोच. डब्यावर कुठेतरी बारीक अक्षरात ‘औषधी वापरासाठी नाही’ असं इंग्रजीत छापलेलं सापडेल, छापणं बंधनकारक आहे. जाहिरातीत हृदयाचं चित्र मोठं आणि हे वाक्य मुंगीएवढं.

१९५४ चा एक केंद्रीय कायदा आहे, चमत्कारी उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा. ज्या आजारांवर इलाजाची जाहिरातच करता येत नाही त्यांच्या यादीत हृदयविकार, मधुमेह आणि रक्तदाब तिन्ही आहेत. २०२४ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवरून सर्वोच्च न्यायालयात पतंजली आयुर्वेदला माफी मागावी लागली, वर्तमानपत्रांत माफीनामा छापावा लागला. तेव्हा आपल्या ग्रुपवर बरीच मजा घेतली गेली. पण कायदा बाबांच्या चूर्णाला जितका लागू, तितकाच दाढी-टोपीतल्या यूट्यूबवाल्याच्या तेलालाही.

‘नैसर्गिक आहे, नुकसान तर नाही ना?’ हा पुढचा प्रश्न. जपानमध्ये कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या लाल यीस्टच्या तांदळाच्या गोळ्या नावाजलेली कोबायाशी कंपनी विकत होती. मार्च २०२४ मध्ये त्या परत मागवाव्या लागल्या, कारण त्या घेणाऱ्या लोकांची मूत्रपिंडं बिघडली होती, शेकडो लोक दवाखान्यात गेले.

मग टिकलं काय?

बरंच काही. युसूफ यांच्याच नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात (२००४) हार्ट अटॅकचा बहुतेक धोका नऊ गोष्टींनी समजावता आला : तंबाखू, रक्तातली वाईट चरबी, बीपी, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळं-भाज्या न खाणं, हालचाल नसणं. नववी गोष्ट गमतीची आहे. नियमित थोडी दारू पिणाऱ्यांत धोका कमी दिसला होता! पण २००७ मध्ये दक्षिण आशियाई लोकांचे आकडे वेगळे काढले तेव्हा तो फायदा आपल्या लोकांत दिसला नाही. त्याच आकड्यांतून कळलं की आपल्याकडे पहिला हार्ट अटॅक साधारण ५३ व्या वर्षी येतो, इतरत्र ५९ च्या आसपास. सहा वर्षं आधी. मुलीच्या लग्नाच्या, मुलाच्या शिक्षणाच्या वयात.

आहारातलंही टिकलं आहे. वनस्पती तुपातली ट्रान्स फॅट हृदयाला वाईट, हे इतक्या वेगवेगळ्या मार्गांनी सिद्ध झालं की भारतात जानेवारी २०२२ पासून तेल-तुपात तिची मर्यादा दोन टक्क्यांवर आणली गेली. तरी बेकरीची खारी आणि नानखटाई कशात बनते, लग्नाच्या देगेत डालडा पडतो का, हे विचारायला हरकत नाही. आणि द्राक्षं? जरूर खा. फळ आहे, औषध नाही. शंभर ग्रॅममध्ये पंधरा-सोळा ग्रॅम साखर असते, म्हणून मधुमेह असेल तर मोजून. कोलेस्टेरॉलच्या गोळीच्या कागदावर ‘ग्रेपफ्रूट’ खाऊ नका असं लिहिलेलं वाचून काही जण द्राक्षं बंद करतात. ग्रेपफ्रूट हे संत्र्या-पपनसाच्या कुळातलं वेगळं फळ आहे. आपल्या द्राक्षाशी त्याचा संबंध नाही.

घरात कुणी बीपी, शुगर, कोलेस्टेरॉलची गोळी घेत असेल आणि सोबत कॅप्सूल, तेल, चूर्ण, हकीमसाहेबांची पुडी काहीही चालू असेल, तर पुढच्या तपासणीला ते सगळं एका पिशवीत घालून डॉक्टरच्या टेबलावर ठेवा. लाजू नका. गोळीने खोकला येतो, पाय दुखतात, चक्कर येते असं वाटत असेल तर तेही सांगा. बदलून देण्यासारख्या गोळ्या असतात. रामिप्रिलचा कोरडा खोकला तर ओळखीचाच आहे आणि त्याला पर्याय आहे. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर तेल चोळत बसू नका, १०८ ला फोन करा किंवा जवळच्या ईसीजी होणाऱ्या दवाखान्यात न्या. अँजिओप्लास्टीचा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतो. रेशनकार्ड आणि आधार हाताशी ठेवा.

रमजानमध्ये दिवसा घ्यायची गोळी स्वतःच्या मनाने महिनाभर बंद करणारे दरवर्षी भेटतात. शाबानमध्येच डॉक्टरांना भेटून विचारा : रोजे ठेवता येतील का, कोणती गोळी सहरीला, कोणती इफ्तारनंतर, लघवी जास्त होणारी गोळी कधी घ्यायची. कागदावर लिहून आणा आणि फ्रिजवर चिकटवा.